सैल टाका

रफूताईचं खरं नाव गल्लीत कुणाला ठाऊक नव्हतं, आणि विचारावं असं कुणाच्या मनातही आलं नाही. माणसाला त्याच्या कामावरून हाक मारायची खोड आपल्या सगळ्यांनाच असते. पाव आणतो तो पाववाला, पेपर टाकतो तो पेपरवाला. आईबापांनी हौसेने ठेवलेली त्यांची नावं घरच्या घरी कुजतात. रफूताईला ते सोयीचंच होतं.

लाँड्रीच्या मागच्या खोलीत ती बसे. पुढे काउंटर, काउंटरमागे वाफेची भलीमोठी इस्त्री, इस्त्रीमागे जाड हिरवा पडदा, आणि पडद्यामागे ती. एक खिडकी, खिडकीशी टेबल, टेबलावर भिंग, सुया आणि धाग्यांची वाटी. लाँड्रीवाले काका गिऱ्हाइकांना ठोकून देत, "आमच्याकडे रफूचं मशीन आहे. बाहेरून मागवलंय." एकदा एका चौकस गृहस्थाने मशीन बघायचा हट्टच धरला, तेव्हा काकांनी "आत्ता गरम आहे हो, हात भाजेल," असं सांगून वेळ मारून नेली. मशीन पडद्यामागे ओठ दाबून हसत होतं.

ठिगळ वेगळं आणि रफू वेगळं. ठिगळ बिचारं उघड असतं, इथे फाटलं होतं म्हणून सांगत बसतं. रफूत तसं चालत नाही. त्याच कपड्याच्या आतल्या शिवणीतून, जिथे कुणाची नजर जात नाही तिथून, एकेक धागा काढायचा आणि भोकावर उभा-आडवा विणत जायचं. काम झालं की गिऱ्हाईक कोट खिडकीशी नेई, डोळ्यांजवळ धरी आणि विचारी, "फाटलेला तो हाच का हो?" हा प्रश्न ऐकायला मिळाला की रफूताईचा दिवस गोड होई.

ही विद्या तिला सासऱ्यांनी दिली. सासरे त्यांच्या गावातले नावाजलेले रफूगार. मुलाला त्यांनी लहानपणापासून शेजारी बसवलं, पण मुलाचा हात काही वळला नाही. तो टाका ओढून घट्ट करी, मग पहिल्या धुण्यातच कापडाला चुणी पडे. "अरे, कापड आहे ते, कैदी नाही," असं सासरे म्हणत. सून घरात आली आणि महिन्याभरात सासऱ्यांनी ओळखलं की हात इकडे आहे. त्यांनी तिला सगळं शिकवलं, आणि त्यात त्यांची स्वतःची एक गोष्टही शिकवली, जी बाकीचे रफूगार करत नसत. शेवटचा टाका ते ओढत नसत. उलट्या बाजूला, आतून, तांदळाच्या कणीएवढा धागा सैल सोडून देत. "कापडाला श्वास घ्यायला जागा नको का?" असं त्यांचं म्हणणं. त्यात कितपत अर्थ होता देव जाणे. पण म्हाताऱ्याने ती खोड तिच्या बोटांत अशी घातली की पुढे तिला तसं केलेलं कळतसुद्धा नसे.

बायकोचा हात आपल्यापेक्षा बरा आहे, हे ज्याला सोसत नाही तो माणूस काय काय करील याची यादी लांबलचक होईल. तिच्या नवऱ्याने फार थोडं केलं. तो तिच्या कपाटातून एखादा कपडा काढी, ब्लेडने सरळ चिरी आणि तिच्या पुढ्यात टाकी. "रफू कर. बघू." तिचं झालं की तो जाड काचांचा चष्मा काढून ठेवी, डोळे मिटी आणि अंगठा कापडावरून सावकाश, अगदी मायेने फिरवी. फिरवता फिरवता अंगठा एका जागी थांबे. "सापडलं," तो म्हणे. आणि पुन्हा तिथेच चिरी. मारहाण नाही, आरडाओरडा नाही. शेजाऱ्यांना वाटे, काय शांत घर आहे.

एका दुपारी ती स्वयंपाकघरातून बाहेर आली तर पलंगावर झोपलेल्या लेकीच्या फ्रॉकची बाही खांद्यापासून मनगटापर्यंत चिरलेली. आत हाताला साधा ओरखडा नव्हता, इतक्या सावकाश ब्लेड फिरलं होतं. लेक तशीच झोपलेली. तो खुर्चीत बसला होता. "रफू कर," म्हणाला, आणि चहा प्यायला खाली गेला.

तेवढ्यात ती लेकीला उचलून निघाली. सासऱ्यांनी जिन्यात बघितलं आणि तोंड भिंतीकडे वळवलं. म्हाताऱ्याने तेवढंच केलं आणि तेवढंच पुष्कळ होतं. पोलिसांत गेली असती, पण पोलिसांना दाखवणार काय? लेकीच्या एका बाहीखेरीज चिरलेलं काही उरलंच नव्हतं. बाकी सगळं तिने स्वतःच्या हाताने, कुणाला दिसणार नाही असं मिटवलं होतं. नवऱ्याचं एक बोलणं मात्र तिच्यामागून आलं. तो पूर्वी कधीतरी म्हणाला होता, "जा कुठेही जायचं तिथे. नाव बदलशील, घर बदलशील. हात कुठे लपवशील? शोधून काढीन आणि दोघींना घेऊन येईन." त्या बोलण्यापासून लेकीला लांब ठेवायचं, एवढ्या एका गोष्टीवर तिने पुढची सगळी वर्षं काढली.

लेक कॉलेजात गेली आणि तिच्या डोक्यात फोनवर व्हिडिओंचं चॅनेल काढायचं खूळ शिरलं. "आई, तुझं काम लोक तासन्‌तास बघतील. चेहरा नाही, नाव नाही, आवाज नाही. नुसते हात."

"हातच नकोत," रफूताई म्हणाली.

पण लेकीसमोर कुठल्या आईचं किती दिवस चाललंय! शिवाय तिने स्वतःशी विचार केला तो असा: तो ओळखतो अंगठ्याने, आणि फोनमधल्या कापडावरून अंगठा फिरत नाही. तेव्हा तिने अटी घातल्या. मनगटावरच्या भाजल्याच्या डागावर पट्टी. खिडकीबाहेरचं काही दिसता कामा नये. बोलणं नाही. आणि कपड्याची उलटी बाजू कधी म्हणजे कधीच दाखवायची नाही. लेकीने सगळं मान्य केलं. फक्त आवाज पूर्ण बंद करायला ती तयार होईना. लोकरीतून धागा सरकतो त्याचा आवाजच लोकांना आवडतो म्हणे. मागे काकांच्या इस्त्रीचा फुस्‌फुस्‌ आवाज येई, तो राहिला. त्यात काय ओळखण्यासारखं होतं?

लोक बघू लागले. खूप लोक बघू लागले. "ताई, तुमचे हात बघत मला झोप लागते," असं कुणीतरी लिहिलं. "म्हणजे मी जागायचं आणि यांनी झोपायचं!" असं म्हणून ती हसली. पण तिला मनापासून आनंद होत होता, हे खरं. इतकी वर्षं मशीन म्हणून पडद्यामागे बसलेल्या बाईला कुणी 'ताई' म्हणून कौतुक केलं तर ती फुलणार नाही तर काय? मांजर डोळे मिटून दूध पितं आणि समजतं की कुणी बघत नाही. आपण मांजराला हसतो, पण ते दूध काय चवीचं लागत असेल, हे मांजरालाच ठाऊक.

एका दुपारी जेवण झाल्यावर ती चष्मा लावून लोकांनी लिहिलेलं वाचत होती. कौतुक, कौतुक, कुणाचा तरी धाग्याबद्दल प्रश्न, पुन्हा कौतुक. मग चित्र नसलेल्या, नावाच्या जागी नुसते आकडे असलेल्या कुणाचा तरी एकच शब्द.

"सापडलं."

तिने फोन टेबलावर ठेवला आणि हात मांडीखाली घेतले. का, ते तिलाही सांगता आलं नसतं. काउंटरवर काका कुणाशी तरी हुज्जत घालत होते, इस्त्री फुसफुसत होती, खिडकीतून ऊन आत येत होतं, सगळं होतं तसंच होतं. तिने पाठीमागे बघितलं. पडदा किंचित हलत होता. पडदा रोजच हलत असे.

लेक कॉलेजातून आली ती आईचं तोंड बघून दारातच थांबली. त्या संध्याकाळी दोघींनी मिळून सगळे व्हिडिओ झाकून टाकले. चॅनेलची पाटी राहिली, आत काही नाही. खिडकीला वर्तमानपत्रं चिकटवली. काकांना सांगितलं, तब्येत बरी नाही. काका म्हणाले, "मशीन बिघडलं म्हणून सांगतो," आणि त्यांना वाटलं आपण फार विनोदी बोललो.

पुढचे काही दिवस काही झालं नाही. काही होत नाही असे दिवस किती लांब असतात! जिन्यात पाऊल वाजलं की ते कुणाचं, हे ठरेपर्यंत तिच्या हातातला घास तसाच राही. बाजारात पुढून येणाऱ्या माणसाचा चष्मा आधी दिसे आणि माणूस नंतर. लेकीला ती बस स्टॉपपर्यंत सोडायला जाऊ लागली, आणि लेकही, एरवी मैत्रिणींसमोर लाजली असती ती, मुकाट्याने तिचं बोट धरून चालू लागली.

मग एक दिवस लेक फोन घेऊन शेजारी येऊन बसली. तिचा आवाज अगदी बारीक झाला होता. "आई, लोक तुला शोधतायत."

"कोण लोक?"

"तुझे. आपले. बघणारे."

रफूताई गेली कुठे, या काळजीने लोक बेजार झाले होते. आजारी तर नाही? एकटी राहते का? कुणी बघायला आहे का? आणि काळजी करणारी माणसं नुसती बसून राहत नाहीत. कुणी जुने व्हिडिओ साठवून ठेवले होते, ते पुन्हा पुन्हा बघितले जात होते. एकाने लिहिलं, कापडावर ऊन कुठून येतं त्यावरून खिडकी कुठल्या दिशेला आहे ते कळतं. एक इस्त्रीचा मेकॅनिक निघाला. त्याने मागचा फुस्‌फुस्‌ आवाज ऐकून सांगितलं, ही जुन्या पद्धतीची वाफेची इस्त्री, आता फार ठिकाणी राहिलेली नाही. आणि मग एका शिक्षिकेने लिहिलं: अहो, तो हिरव्या चौकटीचा कोट माझा! मी तर तो पुलाजवळच्या लाँड्रीत दिला होता. ते म्हणाले मशीनने करतो.

खाली लोकांनी लाल बदामांचा सडा घातला होता. सगळ्यांत वर कुणीतरी मोठ्या अक्षरांत आनंद लिहिला होता: "सापडल्या! रफूताई सापडल्या!"

"किती प्रेमाची माणसं आहेत," रफूताई म्हणाली, आणि तिचे दात एकमेकांवर वाजले.

 लेक कधीपासून दुसरंच काहीतरी शोधत होती. रफू करणारे, शिवणारे, विणणारे, नुसते हात दाखवणारे असे कितीतरी चॅनेल होते. ती एकेक उघडून खालचं वाचत गेली, आणि एकेक करून तिने फोन आईपुढे धरला. प्रत्येकाखाली त्याच आकड्यांनी तोच शब्द टाकला होता. सापडलं. सापडलं. सापडलं. कुणी त्याला विचारलं होतं, "काय सापडलं दादा, सुई?" कुणी हसण्याची चित्रं टाकली होती. बहुतेकांनी लक्षच दिलं नव्हतं.

"त्याला माहीत नव्हतं, आई," लेक म्हणाली. "यातली तू कुठली, ते त्याला माहीतच नव्हतं. त्याने सगळ्यांकडे टाकलं आणि बघत बसला."

"काय बघत बसला?"

"कोण पळतं ते."

चोराच्या मनात चांदणं असं आपण म्हणतो. इथे चोर ती नव्हतीच, तरी चांदणं तिच्याच अंगावर पडलं. एवढ्या सगळ्यांत दचकली ती एकटी. तिने व्हिडिओ झाकले नसते तर ती त्या गर्दीतलं एक हातांची जोडी म्हणून राहिली असती. आणि ती गेली नसती तर तिच्यावर जीव टाकणाऱ्यांनी तिचा पत्ता चव्हाट्यावर मांडला नसता. नवऱ्याला काही करावंच लागलं नाही. त्याने बसल्या जागी वाचलं असणार.

"आता काय करायचं?" तिने विचारलं. आयुष्यात पहिल्यांदा आईने लेकीला हे विचारलं.

लेकीने तिला फोनवर एक बटण दाखवलं. "तो आलाच, तर हे दाब आणि फोन हातात धर. जे दिसेल ते चॅनेलवर थेट जातं. मी कुठेही असले तरी मला कळेल, मी धावत येईन."

रफूताईने ते बटण तीनतीनदा बघून घेतलं. मग ती पुन्हा कामावर जाऊ लागली. लपलं तर सापडतो, हे तिला आता कळलं होतं.

त्याच आठवड्यात काकांनी पडदा बाजूला करून एक कोट तिच्या टेबलावर टाकला. "गिऱ्हाईक चमत्कारिकच होतं बुवा. म्हणे, मशीनकडूनच करून घ्या. संध्याकाळी येतो न्यायला."

तपकिरी लोकरी कोट. अस्तर केव्हाच फाटून गेलेलं. छातीवर एक चीर, सरळ, पट्टीने आखल्यासारखी. कपडा जुना होऊन असा फाटत नाही. पण तिने आधी चिरेकडे बघितलंच नाही. तिचं बोट आपोआप कॉलरच्या टोकाकडे गेलं. तिथे एक जुनं रफू होतं, तिच्या आयुष्यातलं पहिलं, थोडंसं वाकडं. सासऱ्यांनी मुद्दाम स्वतःच्या कोटावर तिला शिकवलं होतं. "बिघडव, माझाच आहे," म्हणाले होते. हा कोट म्हाताऱ्याने जिवंतपणी कुणाच्या हातात दिला नसता.

म्हणजे सासरे गेले. तिला कुणी कळवलं नव्हतं; कळवणार तरी कुठे? ती कोटात तोंड खुपसून रडली. आधी त्यांच्यासाठी रडली आणि मग भीतीने. दोन्ही रडण्यांचा आवाज सारखाच असतो. काकांनी इस्त्रीचा आवाज उगाचच वाढवला.

तिने फोनवरून लेकीला कळवलं आणि मग विचार करत बसली. कोट परत करावा, म्हणावं रफूवाली इथे नाही? तो तेवढ्याचीच वाट बघत असेल. नाही म्हणणं हेसुद्धा त्याला उत्तरच होतं. उत्तम रफू केलं तरी उत्तर. राहिली एकच वाट: वाईट करायचं. असं वाईट, की डोळे मिटून अंगठा फिरवला तर पहिल्याच फेरीत अडकावा आणि त्याने म्हणावं, छे, ही ती नव्हे.

वाईट काम करणं सोपं असतं असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा करून बघावं. बोटांनी तिला विचारायची सवयच सोडली होती. ती धागा जाड घेई आणि बोटं तो सोलून बारीक करत. ती टाका मुद्दाम ओढी आणि अंगठा नकळत चुणी पुसून टाकी. ज्याने हात दिला त्या माणसाच्या कोटावर ती भिकार काम करत होती आणि मनातल्या मनात त्याची माफी मागत होती. शेवटी एक ओबडधोबड, गाठाळ, पहिल्या दिवशीच्या पोराने करावं तसं रफू तयार झालं. त्याकडे बघून तिला समाधान वाटलं आणि त्या समाधानाची किळसही वाटली.

ऊन कलायला लागलं तेव्हा काउंटरवरून आवाज आला. "झाला का कोट?"

इतकी वर्षं गेली, आवाज तोच. शांत. काका कोट घेऊन बाहेर गेले. पडदा आणि भिंत यांच्या मधल्या फटीतून तिला तो दिसला. केस पांढरे झालेले, पाठ किंचित वाकलेली. कुणीही त्याला बसमध्ये उठून जागा दिली असती. त्याने चष्मा काढून काउंटरवर ठेवला. डोळे मिटले. अंगठा कोटावरून फिरू लागला.

चिरेवर अंगठा ताबडतोब अडकला. गाठाळ टाके चाचपत तो वर गेला, खाली आला. त्याच्या कपाळावर आठी पडली.

"हे काय काम आहे?"

"मशीन जुनं झालंय," काका म्हणाले. "पैसे नका देऊ, जा."

त्याने मान हलवली. निराश झाल्यासारखा दिसला तो, खरोखर निराश. पडद्यामागे रफूताईने कधीपासून धरलेला श्वास सोडला. आणि त्याच क्षणी तिच्या बोटांना आठवलं. तिला नाही, बोटांना. काम संपताना, धागा तोडताना, उलट्या बाजूला त्यांनी काय केलं होतं ते.

त्याने सहज कोट उलटा केला. डोळे अजून मिटलेलेच. अंगठा आतून फिरत आला, टाके संपतात तिथे पोचला आणि एका कणीएवढ्या सैल धाग्यावर थांबला. त्याचा चेहरा हळूहळू उजळला. मूल हसावं तसा तो हसला.

"सापडलं," तो म्हणाला.

पळायला मागे दार होतं. ती त्या दाराकडे वळलीसुद्धा. पण पळण्याचा अर्थ तिला आता पाठ झाला होता. लेक वाटेत असेल, धावत येत असेल, आणि येऊन पोचेल ती त्याच्या पुढ्यातच. रफूताईने फोन उचलला, बटण दाबलं आणि पडदा सारून बाहेर आली.

त्याने घाईघाईने चष्मा डोळ्यांवर चढवला. त्याला आधी फोनचं भिंग दिसलं आणि मग ती.

"चल," तो म्हणाला. "पोरगी कुठाय?"

"नीट उभा राहा," ती म्हणाली. नवऱ्याला ती अहोजाहो करायची. तोंडातून 'उभा राहा' निघालं तेव्हा तिलाच नवल वाटलं. "उजेडात ये. बघतायत सगळे."

"कोण सगळे?"

"सगळे. हा माझा नवरा," ती फोनला म्हणाली. चॅनेलवर तिचा आवाज लोक पहिल्यांदाच ऐकत होते. "बायकोचे कपडे ब्लेडने चिरायचा. एकदा झोपलेल्या पोरीच्या अंगावरचा फ्रॉकही चिरला. त्याला मी सापडले. आता तोही सापडू दे."

त्याने हात पुढे केला आणि काकांनी वाफेचा खटका दाबला. पांढऱ्या ढगातून तो मागे सरला. पण घाबरला तो वाफेला नाही. तो त्या फोनच्या भिंगाकडे बघत होता आणि तोंड कुठे न्यावं ते त्याला कळत नव्हतं. त्याने कोट तोंडावर धरला. मग कोट टाकला, तळहात धरला, आणि तसाच, तोंड झाकून, पाठमोरा न होता रस्त्यावर उतरला. इतकी वर्षं दुसऱ्याला शोधणाऱ्या माणसाला आपण दिसतो ही गोष्ट ठाऊकच नसावी.

लेक धापा टाकत आली तेव्हा आई स्टुलावर बसली होती आणि काका तिला पाणी देत होते. दोघी एकमेकींना किती वेळ धरून बसल्या ते सोडा. टेबलावर फोन थरथरत होता. थांबतच नव्हता.

लेकीने बघितलं. लोकांनी त्याला शोधलं होतं. त्याचं नाव, त्याची गल्ली, दुकानाची पाटी, बहिणीचा पत्ता, शाळेतल्या वर्गाचा जुना फोटो. हीच माणसं, ज्यांना हिचे हात बघून झोप लागायची. "सापडला," कुणीतरी लिहिलं होतं. दुसऱ्याने लिहिलं होतं, "उद्या आम्ही जातो त्याच्याकडे."

रफूताईला बरं वाटलं, खोटं कशाला बोला. आता तो इकडे फिरकणार नाही हे तिला कळलं आणि छातीवरचा धोंडा उतरला. पण वाचता वाचता तिच्या मनात आलं, हे अंगठेच आहेत. डोळे मिटून कापडावरून सावकाश फिरणारे, मायेने फिरणारे, मोजता येणार नाहीत इतके अंगठे. तिने फोन लेकीकडे सरकवला आणि कोट ओढून घेतला. वेडेवाकडे टाके उसवले. आतल्या शिवणीतून नवा धागा काढला आणि म्हाताऱ्याचं काम नीट करायला बसली.

ती निम्म्यावर आली असेल, तेव्हा लेक म्हणाली, "आई. हे बघ."

कुणीतरी त्या व्हिडिओतलं एक दृश्य थांबवून मोठं केलं होतं. नवऱ्याचा चेहरा. मग नुसता चष्मा. मग एकच काच. काचेत एक बाई उभी होती, फोन धरून, मागे उघडा हिरवा पडदा. पिकत चाललेले केस, रुंद कपाळ, ओठ घट्ट मिटलेले. या चेहऱ्याला सांभाळण्यात तिची इतकी वर्षं गेली होती, आणि तो लोकांना मिळाला कुठे, तर नवऱ्याच्या डोळ्यांपुढच्या काचेत. खाली बदाम होते, शेकड्यांनी.

"सापडल्या! ताई, किती छान दिसता."

"काढून टाका म्हणून सांगू त्यांना?" लेकीने विचारलं.

"कुणाकुणाला सांगशील?"

ती त्या बाईकडे बराच वेळ बघत राहिली. घाबरलेली असेल असं तिला वाटलं होतं. तशी ती दिसत नव्हती. मग तिने फोन पालथा घातला, सुईत ओवलेला धागा पार केला आणि कोट उलटा केला. शेवटचा टाका तिने ओढला नाही.